सात नंबरची अठरावी फेरी

टी. नगर, चेन्नई
१२ जून २००३

प्रिय जयवंती,

दोन वर्षांनी माझं पत्र पाहून ‘हेमाक्काला काहीतरी हवं असणार’ असं तू म्हणालीच असशील. हवंच आहे. पण ते शेवटी सांगते. आधी बातम्या ऐक, नाहीतर मागणं वाचून पत्र मिटवून ठेवशील.

रणवीर इंग्लंडमध्ये आहे. इथलं राष्ट्रीय अजिंक्यपद घेऊन तो निघाला, पहिलं वर्ष मलेशियात काढलं. बारा शर्यती, त्यातल्या चार जिंकला. ते पाहून इंग्लंडच्या एका टीमनं बोलावलं. दर पंधरा दिवसांनी फोन येतो आणि ‘अम्मा, इथं जूनमध्येसुद्धा ट्रॅक ओला असतो’ एवढं बोलून संपतो. नोव्हेंबरात त्याला वरच्या वर्गाच्या गाडीसाठी दोन वर्षांचा करार मिळायचा आहे. परवा पेपरात फोटो आला, ‘चेन्नईचा चॅम्पियन’ म्हणून. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तो मुरुगनच्या तसबिरीखाली चिकटवलाय, आणि तेव्हापासून मला उडीद डाळ निवडून मिळते. आमच्या घरचे, रणवीरचे बाबा, तर गिंडीच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये येईल त्या गिऱ्हाइकाला आधी तो पेपर दाखवतात, मग काम विचारतात. मी मात्र तो फोटो दिसला की उठून दुसऱ्या खोलीत जाते.

दुसरी बातमी म्हणजे ट्रॅकवरची आपली खोली बंद झाली. आता प्रत्येक गाडीत म्हणे एक डबी बसवतात, ती आपोआप फेऱ्या मोजते. शिडी चढून वर बसलेल्या, मांडीवर पॅड आणि हातात स्टॉपवॉच घेतलेल्या सहा बायका आता कुणाला नकोत. आठवतं ना, कमलिनी मोराची, म्हणजे ताकाची, बाटली आणायची, तू कोथिंबिरीच्या वड्या, आणि मी सगळ्यांवर डोळे वटारायची? तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण माझा खरा वर्ग तोच होता. आणि आपला नियम! आपल्या घरची गाडी आपण मोजायची नाही. माझा रणवीर अकरा नंबर, तो तू मोजायचीस. तुझा संकेत सात नंबर, तो मी. आईचा डोळा चुकतो, म्हणून दुसरीच्या मुलावर ठेवायचा. असा नियम कुठल्या क्लबात नसेल.

क्लबानं जुने कागद घेऊन जा म्हणून सांगितलं, ते मी घरी आणले. आता मागणं. फेब्रुवारी २००१ मधल्या अजिंक्यपदाच्या शेवटच्या शर्यतीचा तुझा कागद तुझ्याकडे आहे का? असला तर पाठव. आणि खरं सांग, संकेत अजून त्या शर्यतीचं नाव काढतो का?

तुझी,
हेमाक्का

* * *

कराड
२९ जून २००३

हेमाक्का,

साष्टांग नमस्काराला गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा कोपरापासून नमस्कार घे.

पत्र वाचून इतकं बरं वाटलं की दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना दूध उतू गेलं. तू बोलतेस तशीच लिहितेस. फक्त तुझं ते तंजावरी ‘वोखटं’ एकदाही आलं नाही. तिकडच्या आवडी गावातल्या टँक फॅक्टरीतली आमची ती बावीस वर्षं, तो क्वार्टर, तुमच्याकडचं रविवारचं जेवण, सगळं डोळ्यांपुढून गेलं. संकेतचे बाबा तर म्हणाले, पेन्शनीत चेन्नईचं समुद्रावरचं वारं धरलेलं नाही, ही सरकारची मोठी चूक आहे.

रणवीरचं वाचून छाती फुगली. मी मोजलेला पोरगा तो! त्याला सांग, जयामावशीनं अकरा नंबरची एक रेघसुद्धा कधी चुकवली नाही.

कागदाचं म्हणशील तर तो कुठला राहायला? इकडे येताना भांडी गुंडाळायला गेला असेल. रणवीरच्या सत्काराचं काही काढताय वाटतं? मग फोटो पाठवते, शेल्फात एक आहे. कागद कशाला कुणाला हवेत!

संकेत मजेत आहे. गेल्या वर्षी लग्न झालं. सून नीलम गुणाची आहे, आणि डिसेंबरात मी आजी होणार. संकेतनं इथं ड्रायव्हिंग स्कूल काढलंय. बायकांच्या बॅचला तर नंबर लावावा लागतो. स्वतः चालवताना काटा चाळीसच्या वर जाऊ देत नाही. लोक म्हणतात, असा शांत मास्तर पाहिला नाही. त्या शर्यतीचं नाव तो काढत नाही. टीव्हीवर गाड्या लागल्या की उठून गच्चीवर जातो आणि टाकीत पाणी किती आहे ते बघत बसतो, एवढंच. झालं गेलं गंगेला मिळालं. तूही त्याला काही लिहू नकोस, उगाच खपली निघायची.

तुझी,
जयवंती

* * *

टी. नगर, चेन्नई
२० जुलै २००३

जयवंती,

सत्कार नाही, काही नाही. मी खोटं बोलले. नीट बोलायला धीर झाला नाही म्हणून आडून विचारलं. आता सरळ लिहिते. हे पत्र संकेतच्या बाबांच्या हाती देऊ नकोस. आधी तू वाच.

क्लबातून आणलेल्या कागदांत माझा त्या दिवसाचा कागद निघाला. सात नंबर, तुझा संकेत. तीस फेऱ्यांची शर्यत, त्यात एकदा टायर बदलायला थांबणं सक्तीचं. प्रत्येक फेरीला माझ्या हातचा वेळ लिहिलेला. एक मिनिट अठ्ठेचाळीस, एक सत्तेचाळीस, पुन्हा एक अठ्ठेचाळीस. घड्याळ लावून घ्यावं असा पोरगा चालवत होता. बाराव्या फेरीला टायर बदलले, तिथं वेळ जास्त आहे, ते ठीक. आणि अठराव्या फेरीसमोर मीच लिहिलंय, तीन मिनिटं छत्तीस.

तू गणिताला घाबरतेस म्हणून सांगते. तीन छत्तीस म्हणजे एक अठ्ठेचाळीसची बरोब्बर दुप्पट. संकेत त्या फेरीत कुठं थांबला नव्हता, घसरला नव्हता. तो रेघेवरून गेला आणि मी लिहिलं नाही. पुन्हा एकदा गेला तेव्हा लिहिलं. दोन फेऱ्या मी एक केल्या.

त्याच वेळी काय झालं तेही आठवतं. समोरच्या वळणावर अकरा नंबर गरकन फिरला, धूर उठला आणि मी पॅड हातात घेऊन उभी राहिले. रणवीर सावरेपर्यंत मी सात नंबरकडे पाहिलंच नाही. ज्या चुकीसाठी आपण नियम केला होता, ती चूक मी केली. दुसरीचा मुलगा मोजायला बसवलं तरी आईचा डोळा तो आईचाच.

मग काय झालं ते तुला माहीत आहे. संकेत सर्वांत पुढं आला, हात वर करून आला. आणि कागदांनी सांगितलं की तो एक फेरी मागं आहे, तीस रणवीरच्याच झाल्यात. लोक हसले. कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं की याला आधी अंक शिकवा. सेक्रेटरी शहाजीराव शिडी चढून वर आले, मला विचारलं, ‘टीचर, सात नंबर एकोणतीस, बरोबर?’ मी म्हटलं, बरोबर. मग त्यांनी सगळ्या बायकांना विचारलं, ‘सात नंबर आणखी कुणी मोजलाय?’ कुणी बोललं नाही. माझ्या शब्दावर तुझ्या मुलाचा करंडक माझ्या मुलाच्या हातात गेला. मलेशियाही त्याच्यावर, इंग्लंडही त्याच्यावर.

महिनाभर मला घरात बसवत नाही आणि बाहेर उभं राहवत नाही. तीनदा कागद पिशवीत घालून क्लबकडे जायला बसमध्ये बसले. एकदा पानगल पार्कपाशी उतरून परत आले, दोनदा गिंडीपर्यंत गेले. आमच्या घरचे म्हणतात, ‘वोखटं झालं खरं, पण आता कागद जाळ. नोव्हेंबरात पोराची सही आहे. तिथं पहिल्याच ओळीत लिहिलंय, राष्ट्रीय अजिंक्यवीर.’ त्यांचंही खोटं नाही.

तू सांगशील तसं करीन. क्लबात दे म्हणालीस तर देईन. संकेतचे पाय धर म्हणालीस तर कराडला येऊन धरीन. मला क्षमा कर.

हेमाक्का

* * *

कराड
५ ऑगस्ट २००३

हेमाक्का,

क्षमा केली. कागद जाळ. संकेतला कळवू नकोस. भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे. रणवीरची सही होऊ दे.

आमच्याकडे पाऊस बेताचा आहे. नीलमला डोहाळे लागलेत, तिला रोज चिंच लागते.

जयवंती

* * *

टी. नगर, चेन्नई
२ ऑक्टोबर २००३

जयवंती,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले. तुला कळलं नसणार. चोवीस ऑगस्टला रणवीरचा अपघात झाला. दुसऱ्या गाडीचं चाक याच्या चाकावर चढलं आणि गाडी समोरून भिंतीत गेली. दोन्ही घोटे मोडले. मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसले ती अशी. तिथल्या दवाखान्यात महिनाभर त्याच्या उशाशी होते. नर्स रोज विचारायची, तुम्हाला काही हवंय का, आणि मी रोज म्हणायची, गरम पाणी. आता त्याला इथं आणलंय. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. हॉलमध्ये खाट टाकलीय आणि रम्या, त्याची बहीण, कॉलेज बुडवून त्याच्यापाशी बसते. डॉक्टर म्हणतात चालेल. ब्रेक दाबण्याइतका जोर येईल का, ते मात्र सांगत नाहीत. तो दिवसभर पंख्याकडे बघतो आणि बोटांनी खाटेच्या दांडीवर काहीतरी वाजवतो. मला माहीत आहे, तो गिअर मोजतो.

तिथं बसल्या बसल्या एकच विचार यायचा, की हे माझ्या चुकीचं फळ आहे. दुसऱ्याचं घेतलेलं पचत नाही म्हणतात. आणि दुसरा विचार तुझ्या पत्राचा. चार ओळी आणि चिंच!

मला राग आलाय, जयवंती. क्षमा मागितली ती मी आणि राग मलाच, हे उलटं आहे, पण आहे. तुझ्या मुलाचं अजिंक्यपद गेलं हे वाचून तुला एक शिवी सुचली नाही? अधिक शेंगदाणे घेतले म्हणून तू कमलिनीशी आठवडाभर बोलली नव्हतीस! इतक्या सहज क्षमा कोण करतं? ज्याला आधीपासून काही ठाऊक असतं तोच. माझं मन पापी असेल तर तसं लिही. पण काय ते लिही.

मी क्लबात जाऊन आले. कागद दाखवला नाही, नुसतं विचारलं. शहाजीराव म्हणाले, तक्रारीची मुदत अर्ध्या तासाची होती, ती संपली. पण मोजणाऱ्यांपैकी दोघींनी सह्या करून लिहून दिलं, तर कमिटी निकाल दुरुस्त करू शकते. एक सही माझी. दुसरी तुझी लागेल, कारण माझ्या शेजारी तू बसली होतीस.

हेमावती

* * *

कराड
१९ ऑक्टोबर २००३

हेमाक्का,

रणवीरचं वाचलं आणि देवापुढं जाऊन बसले, पण हात जोडता येईनात. का ते सांगते. तुझं मन पापी नाही.

मी सात नंबर मोजला होता. त्या दिवशीच नाही, पहिल्यापासून दर शर्यतीला. नियम तू केलास, मी मान डोलावली, पण मला कुठलं राहवतंय? तुझ्या मुलाच्या रेघा कागदावर मारायची, आणि पदरात फुटाणे असायचे. संकेत समोरून गेला की एक फुटाणा डब्याच्या झाकणात टाकायची. तुम्हाला वाटायचं, जयवंती सारखी चरत असते. कमलिनी तर म्हणायची, म्हणून तुझं वजन उतरत नाही.

त्या दिवशी झेंडा पडला तेव्हा झाकणात तीस फुटाणे होते. मी दोनदा मोजले. शहाजीराव वर आले, त्यांनी तुला विचारलं, मग आम्हाला विचारलं, सात नंबर आणखी कुणी मोजलाय? मी ते तीसही फुटाणे मुठीत घेतले, तोंडात टाकले आणि नाही म्हणून मान हलवली. तोंड भरलेलं होतं, बोलताही आलं नसतं. खाली संकेत हेल्मेट काढून वर बघत होता. कुणाकडे नाही, आपल्या खिडकीकडे.

आता कारण विचारशील. त्या शर्यतीच्या तीन आठवडे आधी कोइमतूरला त्याची गाडी उलटी झाली होती. तू नव्हतीस तेव्हा. गाडीची चाकं वर, ती फिरतायत, आणि त्याच्या जागी नुसती धूळ. मी धावले, मला अडवलं. तो खालून सरपटत बाहेर आला तो हसत. ‘आई, पाहिलंस का?’ म्हणाला. मी पाहिलं, अक्का. मी रोज पाहते. आणि त्याच्या बाबांनी शब्द दिला होता, अजिंक्यपद मिळालं तर बाहेरदेशी पाठवीन, नाही मिळालं तर हा नाद सोडायचा. एक फेरी कमी पडली तर माझा मुलगा घरी राहणार होता. ती कमी मी केली नव्हती. तू केलीस. मी फक्त गप्प बसले. असं मी स्वतःला अडीच वर्षं सांगतेय.

तो मजेत नाही. तुला खोटं लिहिलं. तो बोलत नाही, चिडत नाही. पोरींना क्लच सोडायला शिकवतो आणि घरी येऊन जेवतो. लग्न ठरवताना एवढंच म्हणाला, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ त्याला आजही वाटतं की मोजण्यात त्याचंच चुकलं. एकदा मला म्हणाला, ‘आई, शंभरच्या वर गेलं की माझं डोकं चालत नाही बहुतेक. मला तर वाटलं होतं मी जिंकलो.’ आणि मी त्याला ताक वाढलं.

माझा घरी राहिला आणि त्याच्या जागी तुझा गेला. तुझ्या मुलाचे पाय मोडले हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं ते तुला सांगते, मग जन्मात बोलू नकोस माझ्याशी. मनात आलं, बरं झालं, संकेत नव्हता.

सही कुठल्या तोंडानं करू?

जयवंती

* * *

टी. नगर, चेन्नई
२० नोव्हेंबर २००३

जयवंती,

तुझं पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी आलं. चकली तळत होते. पत्र वाचून गॅस बंद केला आणि पीठ तसंच वाळलं. त्यानंतर तुला चार पत्रं लिहिली आणि फाडली. त्यांतली भाषा शिक्षिकेला शोभणारी नव्हती. कराडला येऊन तुझ्या दारात उभी राहीन आणि माझ्या पोराचे पाय मागीन, असंही एकात होतं.

पाचवं हे. राग गेलेला नाही, पण तुला खोटं ठरवता येत नाही. मीही त्या खिडकीतून दुसऱ्याचा मुलगा सोडून माझाच पाहिला. तू तुझा पाहिलास. तुझ्या जागी मी असते आणि चाकं वर झालेली पाहिली असती, तर फुटाणे मीही गिळले असते. हे खरं आहे.

मी रणवीरला सगळं सांगितलं. माझं आणि तुझंही. आमच्या घरच्यांनी ताट बाजूला सारलं, म्हणाले, ‘पोदुम, पुरे झालं, या घरात आता त्या ट्रॅकचं नाव नको.’ तिसऱ्या दिवशी रणवीर म्हणाला, ‘अम्मा, रिक्षा बोलाव.’ ऑटोच्या मागच्या सीटवर दोन्ही प्लास्टर आडवी टाकून आम्ही क्लबात गेलो. शिडी नव्हती, बरं झालं. त्यानं स्वतःच्या हातानं तो फेऱ्यांचा कागद शहाजीरावांच्या टेबलावर ठेवला. मग इंग्लंडला फोन करून करारवाल्यांनाही सांगितलं. तिकडचा माणूस म्हणाला, करंडक राहू दे, पाय कधी बरे होतील ते कळव. सही पुढं गेली. पुढं म्हणजे कुठं, ते कुणी सांगितलं नाही. माझा मुलगा अजिंक्यवीर नाही आणि टीमवालाही नाही. खाटेवर बसून शेवग्याच्या शेंगा सोलून देतो. आपण बरोबर केलं का, ते रात्री मला कळेनासं होतं.

पण येताना ऑटोत तो जे बोलला ते तुला सांगते. म्हणाला, ‘ते शेवटचं वळण संकेत माझ्यापेक्षा नेहमी चांगलं घ्यायचा. ब्रेक उशिरा, आणि एकदाच. मी दोन वर्षं त्याच्या मागून चालवत ते शिकलो. मलेशियात चार जिंकलो त्या चारही त्याच्या वळणावर. तो हरला कसा, हेच मला कळत नव्हतं. पण कप हातात असला की माणूस फार विचारत नाही.’

आता ऐक. गिंडीच्या वर्कशॉपमध्ये रणवीरची इथली जुनी निळी गाडी उभी आहे. इंजिन उघडून बांधलंय, टायर नवे आहेत. अठरा जानेवारीला राष्ट्रीय मालिकेची शर्यत आहे. रणवीर उन्हाळ्यापर्यंत गाडीत बसत नाही. तो म्हणतो, ती संकेतनं चालवावी. दया म्हणून नाही. त्याला ते वळण कुणीतरी नीट घेतलेलं पाहायचंय. काल आमच्या घरच्यांनी जाऊन सीट मागं सरकवली. संकेत उंच आहे, हे त्यांच्या लक्षात होतं.

सहीचा कागद सोबत आहे. माझी सही वर आहे, खाली जागा मोकळी आहे. संकेतला मी लिहिलेलं नाही, रणवीरलाही लिहू दिलं नाही. त्यानं फोन नंबर मागितला, मी दिला नाही. सांगायचं असेल तर तू सांग. नसेल सांगायचं तर सांगू नकोस. या वेळी शिडी चढून कुणी विचारायला येणार नाही. तू नाही सांगितलंस तर मी क्लबाला एका सहीचा कागद देईन, गाडीवर दुसरा कुणी बसेल, आणि तुझा मुलगा घरी राहील. तुझ्यावर सोपवून मला झोप लागेल असं वाटलं होतं. लागत नाही.

हेमाक्का

* * *

कराड
९ डिसेंबर २००३

हेमाक्का,

सही केलेला कागद सोबत आहे. अक्षर वाकडं आलंय, पण माझंच आहे.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस ते मी पिठाच्या डब्यात ठेवलं होतं. एक तारखेला नीलमला मुलगी झाली. संकेतनं तिला हातात घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘हिला काही व्हायला नको, आई.’ तुझ्या-माझ्या तोंडचं वाक्य, अक्का. ते त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला राहवेना. दवाखान्याच्या पायरीवरच त्याला सगळं सांगितलं. फुटाण्यांसकट. मग तुझं पत्र दिलं.

त्यानं ते वाचून घडी घातली. त्याचे बाबा खूप बोलले, ते लिहीत नाही. पाच दिवस संकेत क्लासला गेला, दवाखान्यात गेला, जेवला. माझ्या हातचं पाणी मात्र घेतलं नाही, स्वतः उठून घ्यायचा.

परवा रविवारी सकाळी अंगणात गाडी काढली आणि म्हणाला, ‘आई, बस.’ शिकवायची गाडी ती. मास्तर बसतो त्या डाव्या बाजूलाही पायाशी एक ब्रेक असतो, शिकणाऱ्याचं चुकलं तर दाबायला. मला तिथं बसवलं. म्हणाला, ‘चप्पल काढ. पाय त्याच्यावर ठेव. भीती वाटली की दाब, गाडी थांबेल. मी काही म्हणणार नाही.’

हायवेला लागलो. चौपदरी नवा रस्ता, पेठनाक्याच्या दिशेला सगळा मोकळा. काटा चाळीसवर होता. मग साठ, मग ऐंशी. अडीच वर्षांत त्या गाडीनं ऐंशी पाहिले नव्हते, ती सगळी खडखडत होती. शंभरच्या पुढं मी काट्याकडे बघणं सोडलं आणि त्याच्याकडे बघितलं. तसा चेहरा मी कोइमतूरनंतर पाहिला नव्हता, आणि तेव्हा तर मी धुळीकडेच बघत राहिले होते. पुढं एक वळण आलं. मला वाटलं, आता दाबेल, आता दाबेल. तो दाबेना. माझ्या पायाखाली तो ब्रेक होता, अक्का. पाय न दाबता धरून धरून पोटरीत गोळा आला. मी नुसतं खालती जोर दिला असता तरी झालं असतं. देवाशपथ सांगते, एकदा टाच उचललीही.

मग त्यानं ब्रेक मारला. उशिरा, आणि एकदाच. गाडी वळणातून बाहेर पडली आणि तो मोठ्यानं हसला.

पुढच्या धाब्यावर थांबलो. त्यानं मला चहा आणून दिला, कपाला हात लावून गरम आहे का ते पाहिलं. माफ केलं असं काही म्हणाला नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. पाच जानेवारीचं तिकीट काढलंय म्हणाला. चेन्नईला तुझ्याकडेच उतरेल. रणवीरला सांग, सीट आणखी एक बोट मागं लागेल, पोरगा लग्नानंतर सुटलाय.

मी येणार नाही, असं त्याला सांगितलं. तिकडे बघवणार नाही मला. तर तो म्हणाला, ‘दोन तिकिटं काढलीत.’

जयवंती